मदत हवी आहे: आशाताईंचा ताण मोजायला मराठी प्रश्नावली

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय कम्युनिटी हेल्थ. प्रबंधासाठी आमच्या तालुक्यातल्या १२० आशाताईंचा ताण मोजायचा आहे. सिनॉप्सिस पास, एथिक्स कमिटीची परवानगी हातात, आणि गाडी अडलीय टूलपाशी.

ताणासाठी कोहेन यांची पीएसएस-१० घेतली. गेल्या महिनाभराबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. मराठी प्रत सीनियरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली, तिला तिच्या सीनियरकडून. भाषांतर कुणाचं, ते दोघींनाही माहीत नाही. सोबत उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ घ्यायला गाइड मॅडमनी सांगितलंय.

मागच्या आठवड्यात २० जणींवर पायलट घेतला. पीएसएसचा क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, आला ०.४८. मॅडम म्हणतात, ०.७० च्या खाली असेल तर टूल बदल. ४, ५, ७ आणि ८ हे उलटे प्रश्न आहेत (जास्त गुण म्हणजे ताण कमी), त्यांचे गुण उलटे करूनच हा आकडा काढलाय, तेव्हा ते विचारू नका.

खरं तर फॉर्म भरतानाच सगळा गोंधळ होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात मीटिंगचा दिवस, लसीकरणाच्या याद्या आणि माझे फॉर्म एकाच मांडीवर. एक ताई मोठ्यानं वाचत होत्या, "हातातली सगळी कामं जमत नाहीत असं किती वेळा वाटलं?" आणि लगेच "छे बाई, कधीच नाही!" म्हणून पहिल्याच रकान्यात टिक. शेजारच्या हसल्या. याच ताई दहा मिनिटांपूर्वी मला सांगत होत्या की रात्री अकरापर्यंत मोबाइलवर एंट्र्या करत बसावं लागतं. इतक्या निष्काळजीपणे भरलं तर अल्फा कुठून येणार?

तर, टूल बदलू का? एका टेलिग्राम ग्रुपवर उदासीनतेच्याच बीडीआय-२ या चाचणीची पीडीएफ आहे. पीएचक्यूपेक्षा ती वजनदार दिसेल असं एकाचं म्हणणं. मॅडमना ताणाचा तक्ताही हवाय: ० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० तीव्र. त्याला संदर्भ कुठला देऊ? आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न, जगणं नकोसं होण्याचा, तो मॅडम काढून टाक म्हणतात. काढला तर चालतो का?

निवांत_नाना
टेलिग्रामवरच्या पीडीएफला हात लावू नकोस बाळ. बीडीआय-२ विकत घ्यायची चाचणी आहे, हक्क पिअर्सनकडे. पीएचक्यू-९ छापायला, वापरायला परवानगी लागत नाही. फुकटचं राजरोस मिळत असताना चोरीचं कशाला?

आकडेमोड
२० जणींवर काढलेल्या अल्फाला फार भाव देऊ नये, दोन फॉर्म इकडचे तिकडे झाले तरी तो हलतो. पण ०.४८ म्हणजे काहीतरी शिजतंय खास. प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध काढून बघ. कुठला प्रश्न ऋण येतोय, म्हणजे बाकीच्यांच्या उलट जातोय, ते सांग.

कृष्णाकाठ
काढला. दुसरा आणि सहावा. म्हणजे मी उलटे केलेले नाहीतच! दोन्ही सरळ प्रश्न आहेत.

चाफा
मी मानसोपचार विभागात काम करते. त्या ताईंना निष्काळजी म्हणू नका, त्यांनी तुम्हाला उत्तर मोठ्यानं सांगितलंय. तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. "कामं जमत नाहीत असं किती वेळा वाटलं?" "छे बाई, कधीच नाही." म्हणजे कधीच नाही जमत! त्यांना हवे होते ४ गुण, तुम्ही दिले ०. दुसरी एखादी ताई त्याच रकान्यात टिक करून "असं कधीच वाटलं नाही" म्हणत असेल. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ होत असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकणार नाही. तुमचा दुसरा प्रश्नही "ताबा ठेवता येत नाही" अशा नकारातच लिहिलेला असणार.

इंग्रजी प्रश्नातला नकार मराठीत जसाच्या तसा आणला आणि पर्यायही "कधीच नाही" ठेवला की हे होतं. "कामं हाताबाहेर गेलीत असं किती वेळा वाटलं?" आणि पर्याय "एकदाही नाही" असं करून बघा.

पण हे मी सुचवलं म्हणून छापू नका. आधी कोहेन यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या साइटवरून मूळ इंग्रजी प्रत घ्या. विनानफा शैक्षणिक संशोधनासाठी तिला वेगळी परवानगी लागत नाही. मराठी प्रत शोधायची तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात परिशिष्टं चाळा, पण तिथेही भाषांतर कुणी आणि कसं केलं याचं पान नसेल तर ती तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या प्रतीचीच बहीण समजा. चांगली प्रत नाहीच मिळाली तर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, मग एक ठरवून मूळ प्रत न पाहिलेल्या तिसऱ्याकडून पुन्हा इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक बघायचा. शेवटी पाचसहा आशाताईंना एकेक प्रश्न वाचून "यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि तुमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय.

तक्त्याचं म्हणाल तर १३, २६ चे टप्पे नेटवर सगळीकडे फिरतात, पण ते कोहेन यांचे नाहीत. पीएसएस निदानाचं साधन नाही, तिला कटऑफच नाही असं ते स्वतः सांगतात. सरासरी द्या, गट तुलना करा: दुर्गम उपकेंद्र आणि रस्त्याकडेचं, जुन्या ताई आणि नव्या. मॅडमना हे पटवणं अवघड जाईल, कल्पना आहे.

नववा प्रश्न गाळून त्याला पीएचक्यू-९ म्हणता येत नाही. त्याशिवायची पीएचक्यू-८ वेगळी आहे, बेरीज २४ पर्यंत, ती रीतसर वापरा. नववा ठेवायचा असेल तर फॉर्म जागच्या जागी बघायचे, घरी नेऊन महिन्याने एक्सेलमध्ये नाही. कुणी तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही टिक केलं तर त्याच दिवशी एकांतात बोलायचं, कुठल्या डॉक्टरांकडे पाठवायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्याच कागदावर छापा, म्हणजे कुणी एकटी पडत नाही. आणि मीटिंगमध्ये मांडीला मांडी लावून असे फॉर्म भरून घेऊ नका हो. शेजारी त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बसलेल्या असताना कोण खरं लिहील?

निवांत_नाना
चाफाताईंनी बरोबर नाडी पकडली. अवांतर: धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली, पुस्तक १९४० चं. तेव्हापासून ही झटापट चालू आहे.

कृष्णाकाठ
उशिरा लिहितेय, मधे ड्यूटी होती.

नवीन वाक्यं घेऊन सहा ताईंना एकेकटीला भेटले. त्यात "छे बाई" वाल्या ताईही होत्या. त्यांच्या ओट्यावर बसून विचारलं, "कामं हाताबाहेर गेलीत असं किती वेळा वाटलं?" त्या म्हणाल्या, "सारखंच की. आता तू बसलीयस तरी दोन फोन येऊन गेले." आणि शेवटच्या रकान्यात टिक. मागचा फॉर्म आठवला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.

एक नवीन अडचण निघाली. पीएचक्यूमधला "निम्म्याहून अधिक दिवस" हा पर्याय. दोन आठवड्यांतले निम्मे म्हणजे किती, म्हणून एका ताईंनी बोटं मोजली, सातावर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आठवा दिवस कुठं धरू?" इथे कॅलेंडर दाखवलं तर चालेल का?

मॅडम पीएचक्यू-८ ला तयार झाल्या, तक्त्याला अजून नाहीत. पायलटचे २० जणींचे फॉर्म मूळ १२० मध्ये धरणार नाही. आता बदललेली प्रश्नावली एथिक्स कमिटीपुढे पुन्हा ठेवायची आहे. दुरुस्तीच्या पत्राचा नमुना कुणाकडे आहे का? सोमवारी द्यायचंय.

आकडेमोड
कॅलेंडर दाखवायचं तर सगळ्यांना दाखव, आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं लिही. पत्राचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जुनं वाक्य, नवीन वाक्य आणि कारण असे तीन रकाने कर, कमिटीवाले लांबलचक वाचत नाहीत.