गाडीतल्या रेडिओला वीज कुठून घ्यावी: थेट बॅटरी की लायटरचं सॉकेट?

खटपट्या:
५० वॉटचा व्हीएचएफ सेट (दोन्ही बाजूंनी बोलायचा बिनतारी रेडिओ) गाडीत बसवलाय. ऐकताना सगळं झकास, पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की डिस्प्ले मंद होतो आणि समोरचा म्हणतो, आवाज तुटतोय. वीज लायटरच्या सॉकेटमधून घेतली आहे. माझं ठाम मत: ती जागा फोन चार्ज करायची. रेडिओला थेट बॅटरीवरून जाड वायरच हवी. यात दुमत असू नये.

सावध_गडी:
दुमत आहे. एका हौसेसाठी गाडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोक? सेट १० वॉटवर ठेवा, करंट निम्म्याहून खाली येतो. ५० चे १० वॉट म्हणजे ७ डीबी (डेसिबल), समोरच्याच्या सिग्नल मीटरवर साधारण एका एस-युनिटचा, म्हणजे एका पायरीचा फरक. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) जवळ असेल तर कुणाला कळणारही नाही.

तारेचा_हिशेब:
रिपीटर नेहमी जवळच असतो का? पूर्ण पॉवरला हे सेट १०-१२ अँपिअर ओढतात. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १८ मिलिओहम. जाऊन-येऊन ८ मीटर धरली तर १२ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी १२.६ दाखवते, रेडिओला ११ सुद्धा मिळत नाहीत. ४ चौरस मिमीला हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, रेडिओच्या टोकाला नव्हे. मधे वायर घासून बॉडीला टेकली तर रेडिओजवळचा फ्यूज काय कामाचा?

जुना_खोड:
निगेटिव्हही थेट बॅटरीलाच, तिलाही फ्यूज. इंजिनाची अर्थिंगची पट्टी (इंजिन बॉडीशी जोडणारी) सैल झाली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट तुमच्या रेडिओच्या काळ्या वायरीतून आणि अँटेनाच्या कोअॅक्स केबलवरून जाते.

तारेचा_हिशेब:
इथे असहमत. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. वायर थेट टर्मिनलला लावली तर रेडिओचा करंट त्याला दिसतच नाही, चार्जिंगचा हिशेब बिघडतो. बॅटरीची काळी केबल जिथे बॉडीला बोल्ट केली आहे, तिथे लावा.

जुना_खोड:
माझी गाडी सेन्सरच्या आधीच्या जमान्यातली. तेवढं मान्य. फ्यूजचं म्हणणं सोडत नाही.

सावध_गडी:
आणि थेट बॅटरीवर सेट दिवसरात्र चालू राहिला तर? नुसतं ऐकायला अर्धा अँपिअर धरा, २४ तासांत १२ अँपिअर-तास गेले. सकाळी धक्का मारायला कोण येणार?

तारेचा_हिशेब:
इग्निशनवर चालणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाका. आपत्कालीन वापराला इंजिन बंद असतानाही सेट हवा असेल तर शेजारी साधा स्विच. (हायब्रिड गाडी असेल तर उच्च दाबाच्या नारिंगी केबलींच्या वाटेलाही जाऊ नका.)

खटपट्या:
मीटर लावला. सॉकेटवर ऐकताना १२.५, पीटीटी दाबताच १०.८. १० वॉटवर १२ च्या वर टिकतं आणि आवाजही तुटत नाही, हे कबूल. पण मला ५० वॉट हवेतच. क्लचच्या केबलशेजारी फायरवॉलमध्ये एक रिकामं रबरी बूच सापडलंय, वायर तिथूनच जाईल.

सावध_गडी:
मग भोकाची तक्रार मागे घेतली. १० वॉटची सूचना नाही.