सिसिलीत समुद्रकिनारी आठवडाभर: ताओरमिना की चेफालू? (सासूबाई + दोन मुलं)

निळाई:
नमस्कार मंडळी, इटलीच्या सिसिली बेटावर जायचं पक्कं झालंय पण राहायचं कुठे यावर घरात रोज चर्चा चालू आहे. मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई सपाटीवर छान चालतात पण गुडघ्यांमुळे जिने नि चढ नको असतात, धाकट्याला पाण्याची भीती वाटते म्हणून उथळ पाणी हवं. नवऱ्याने फोटो बघून ताओरमिनाच धरून ठेवलंय, मला चेफालू बरं वाटतंय. गाडी घेणार नाही. ऑगस्टचा मधला आठवडा बघतोय. कुणी मुलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

भटकंती_चालू:
ताई, डोळे झाकून चेफालू. ताओरमिना सुंदर आहे यात वादच नाही पण गाव समुद्रापासून साधारण २०० मीटर वर डोंगरावर आहे, पोहायचं तर केबल कारने खाली मात्सारोच्या किनाऱ्यावर उतरा आणि दमलेल्या मुलांना घेऊन परत वर या, हे रोज करायचं म्हणजे सासूबाई दुसऱ्या दिवशी हॉटेलवरच थांबतो म्हणतील. शिवाय खाली इझोला बेल्लाच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत.
चेफालूत जुन्या गावाला लागूनच वाळू सुरू होते आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. आमची लेक आधी घोट्याएवढ्या पाण्यातही माझा हात सोडत नव्हती, मग पायाजवळून बोटाएवढे मासे जायला लागले तशी त्यांच्यामागे आपणहून पुढे पुढे गेली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे सकाळी जिथे पथारी पसरली तिथेच दिवसभर बसता येतं, आजीला उठवावं लागत नाही.
पालेर्मो विमानतळावरून ट्रेनने पालेर्मो चेंत्राले हे शहरातलं मुख्य स्टेशन, तिथून चेफालूची ट्रेन, साधारण तासभर. कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

खारा_वारा:
मी थोडं वेगळं सांगतो. नवऱ्याचंही मन राखायचं असेल तर ताओरमिनाच्या खाली जार्दिनी नाक्सोस आहे, सपाट, समुद्राला लागून, एटना ज्वालामुखी दिसतो आणि वर जायला बस आहे. पण किनाऱ्यावर वाळूत खडे मिसळलेले आहेत, मुलांना पाण्यात घालायचे बूट लागतील. नुसता वाळूत वेळ घालवायचा असेल तर चेफालूच.
तारखेचा मात्र परत विचार करा. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोचा सण, सगळी इटली सुट्टीवर असते, खोल्या महाग आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. सप्टेंबर जमला तर पाणी तेवढंच कोमट असतं आणि दुपारचं ऊनही जरा सोसवतं.

निळाई:
खूप आभार दोघांचे! मुलीच्या शाळेमुळे सप्टेंबर जमणार नाही, पण जूनचा शेवट चालेल बहुतेक. छत्री-खुर्च्यांचं कसं असतं? आणि सासूबाईंना समुद्र सोडून अजून काय बघता येईल?

भटकंती_चालू:
जूनचा शेवट उत्तम. छत्री-खुर्च्या लिदोवाल्यांकडे (म्हणजे किनाऱ्यावरच्या खाजगी जागा चालवणाऱ्यांकडे) दिवसाच्या भाड्याने मिळतात, पुढच्या रांगेला जास्त पैसे, म्हणून आजीसाठी मागची रांग घेतली तरी काही बिघडत नाही. मध्ये फुकटचा किनारा पण असतो, स्पियाज्जा लिबेरा अशी पाटी बघायची. लाल झेंडा लागला असेल तर मुलांना अजिबात आत सोडू नका.
दुपारी दुकानं बंद होतात आणि रेस्टॉरंटची जेवणं संध्याकाळी साडेसातच्या आधी क्वचितच सुरू होतात, धाकट्यासाठी आरांचिना घेऊन ठेवा, भाताचा तळलेला मोठा गोळा असतो, त्यावर त्याचं पोट भरेल. सकाळी ग्रानिता (बर्फाच्या चुऱ्याचा गोड पदार्थ) आणि ब्रिओश (मऊ गोडसर पाव) नक्की खा.
सासूबाईंना कॅथेड्रल दाखवाच. राजा रुजेरो दुसरा याने ११३१ मध्ये सुरू केलेलं, आत सोनेरी मोझेकमधला भलामोठा ख्रिस्त आहे, बाकावर बसून शांतपणे बघता येतो. मध्ययुगीन धोबीघाटही छान आहे, सिंहाच्या तोंडातून थंडगार पाणी पडतं, पण खाली उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा मुलांना तुम्ही न्या, त्या वर थांबतील. गावामागच्या ला रोक्का नावाच्या खडकाळ डोंगरावर सासूबाईंना नेऊ नका, २७० मीटरचा चढ आहे आणि सावली फार कमी. नवरा नि मुलगी सकाळी लवकर जाऊन येतील, पाणी भरपूर न्यायला सांगा.