मदत हवी आहे: चार जुने एस१९ घ्यावेत का? घेतले तर घरी ठेवू की होस्टिंगला देऊ?

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण आठ दिवसांत हो की नाही सांगायचंय आणि ओळखीत विचारण्यासारखं कोणी नाही.

तर झालंय असं की जुनी बिटकॉइन मायनिंगची (म्हणजे सतत गणितं सोडवून बिटकॉइन मिळवण्याची) मशीनं विकणाऱ्या एकाकडे चार अँटमायनर एस१९ आहेत, ९५ टेराहॅशवाले, म्हणजे सेकंदाला ९५ लाख कोटी हिशोब करणारे. तीनेक वर्षं चाललेत म्हणतो. चारही घेतले तर दर चांगला लावतोय आणि त्यातलं एक त्याने मला आठवडाभर चालवून बघायला दिलंय. ते मी घराच्या मागच्या खोलीत लावलं, खोली १० बाय १२, उंची १० फूट, एकच खिडकी आणि तिच्या बरोबर वर ९ इंची एक्झॉस्ट फॅन. बाहेर तेव्हा २७ डिग्री होतं. आवाज एवढा की खोलीत उभं राहून फोनवर बोलता येत नाही, पण ते चालवून घेईन, खरी अडचण वेगळीच आहे, वीस-बावीस मिनिटांत खोलीत ४४ डिग्री झालं आणि मशीन आपोआप थांबलं, लॉगमध्ये तापमान जास्त झाल्याची एरर. दार उघडं टाकून परत लावलं तर तासभर चाललं आणि मग पुन्हा तेच.

माझ्याकडे दीड टनाचा एसी पडून आहे, तो बसवला तर चार मशीनं चालतील का? की सरळ होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे पैसे घेऊन आपली मशीनं त्याच्या जागेत चालवणाऱ्याकडे, द्यावीत? एक होस्टिंगवाला तयार आहे पण तो सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतोय. आणि मुळात एस१९ आता घेण्यात अर्थ आहे का? यात घरचे साठवलेले पैसे जाणार आहेत त्यामुळे कृपया स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १

बाकीचं नंतर. मशीनच्या पॉवर सप्लायला दोन केबल असतात, त्या दोन्ही कुठे लावल्यात?

धागाकर्ता

दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्ड १६ अँपियरच्या सॉकेटमध्ये. प्लग गरम होतो हे खरंय, हात ठेवता येतो पण फार वेळ नाही.

प्रतिसाद १

मशीन आत्ता बंद करा आणि मग पुढचं वाचा.

एस१९ ३२५० वॉट ओढतो. २३० व्होल्टवर ते १४ अँपियरच्या वर जातं, आणि ते गीझरसारखं पंधरा मिनिटं नाही तर दिवसरात्र. सतत चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच जायचं असा नियम वायरमन लोक पाळतात, म्हणजे १६ च्या सर्किटवर १२.८. तुम्ही त्याच्या वर आहात आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड. आग अशाच ठिकाणी लागते, सैल पत्ती, त्यात उष्णता, मग पत्ती आणखी सैल. प्रत्येक मशीनला निदान २० अँपियरचं स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी, त्याला साजेशी जाड तांब्याची वायर, आणि दोन केबलना दोन वेगळी चांगली सॉकेट्स. चार मशीनं म्हणजे १३ किलोवॉट, एका फेजवर टाकली तर ५६ अँपियर. थ्री फेज नसेल आणि मीटरचा मंजूर लोड तेवढा नसेल तर घरी चार मशीनं हा विषयच बाद आहे. हे इलेक्ट्रिशियनला घरी बोलावून, मशीनचं लेबल दाखवून विचारा, फोनवर नको.

धागाकर्ता

बंद केलं. प्लगच्या एका पिनेभोवती प्लास्टिक पिवळट झालंय. मनापासून आभार, मी फक्त तापमानाकडेच बघत होतो.

प्रतिसाद २

थंडाव्याबद्दल मी लिहितो कारण यात मी स्वतः दोन उन्हाळे घालवलेत.

मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, त्यातला एकही वॉट कुठे जात नाही. म्हणजे तुमच्या खोलीत सव्वातीन किलोवॉटचा हीटर चालू होता. तुमच्या खोलीतली हवा साधारण ४० किलो भरते, तिला एक डिग्री तापवायला त्या मशीनला बारा-तेरा सेकंद पुरतात. भिंती थोडी उष्णता शोषतात म्हणून तुम्हाला वीस मिनिटं मिळाली.

आता एसी. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, म्हणजे एका एस१९ ला जवळजवळ एक टन. चारला पावणेचार टन. तुमचा दीड टनवाला एकाच मशीनला पुरेल, तोही दिवसरात्र चालू ठेवून. आणि एसीची स्वतःची वीज धरा, उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे चार मशीनांमागे चार किलोवॉटच्या वर वीज अशी जाते जिच्यातून एक सतोशीही (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) निघत नाही. एसी विसरा. मशीनला गारवा लागतच नाही, एस१९ साठी कंपनीने आत जाणाऱ्या हवेची मर्यादा ४० डिग्री दिलीय. त्याला बाहेरची साधी हवा भरपूर हवी आणि एकदा तापलेली हवा परत तोंडाशी यायला नको.

तुमची चूक तिथेच झाली. खिडकीच्या वरतीच एक्झॉस्ट, म्हणजे बाहेर फेकलेली गरम हवा खालच्या खिडकीतून परत आत. शिवाय मशीनच्या मागून निघालेली हवा खोलीत फिरून पुढून परत आत शिरते, ते वेगळंच. उपाय असा, खोलीच्या मधे प्लायवूडची भिंत घाला, मशीनच्या मापाची भोकं पाडा, मशीनं अशी बसवा की तोंड थंड बाजूला आणि शेपूट गरम बाजूला, आणि उरलेली प्रत्येक फट बुजवा. अक्षरशः प्रत्येक. मी पहिल्या वर्षी केबलसाठी ठेवलेली हातभर फट तशीच सोडली होती आणि तिच्या शेजारचं मशीन बाकीच्यांपेक्षा सहा डिग्री जास्त दाखवायचं, मला वाटलं बोर्ड खराब आहे, बोर्ड काढून दुरुस्तीला पाठवला, तो ठीकच निघाला.

हवा किती हवी? आत आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १० डिग्रीचा फरक धरला तर एका मशीनला साधारण ५७० सीएफएम (मिनिटाला घनफूट), चारला २३००. तुमच्या खोलीतली हवा मिनिटाला जवळपास दोनदा बदलायला हवी. ९ इंची घरगुती फॅन त्यापुढे काहीच नाही. आत येणारं भोकही मोठं ठेवा, साडेचार-पाच चौरस फूट, जाळी किंवा धुळीचा फिल्टर लावणार असाल तर त्याच्या दुप्पट, नाहीतर खोलीत ओढ तयार होते आणि मशीनचे फॅन हवेशी झुंजत बसतात. आत येणारी बाजू सावलीत हवी. तापलेल्या पत्र्याखालून किंवा उन्हातल्या भिंतीला चाटून आलेली हवा बाहेरच्या तापमानापेक्षा सहज चार-पाच डिग्री जास्त असते. उंचावर राहत असाल तर अजून एक गोष्ट, कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला तापमानाची मर्यादा एकेक डिग्री खाली येते, कारण हवा विरळ होते.

आवाजाचं म्हणाल तर एकाचा ७५ डेसिबल, चार झाले की ८१. शेजारी असतील तर आधी त्यांच्याशी बोला.

प्रतिसाद ३

कूलर लावू नका हेही सांगून ठेवतो, कोणीतरी सुचवेलच. कोरड्या हवेत ओल्या पॅडमधून हवा ओढणं मोठ्या फार्मवर करतात, पण तिथे पॅडची अख्खी भिंत असते आणि थेंब आत येणार नाहीत एवढा हवेचा वेग कमी ठेवतात. खोलीतला कूलर मशीनसमोर ठेवला की पाण्यातले क्षार बोर्डवर बसतात आणि पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात. विकत घेताना तेही बघा, बॅटरी लावून हीटसिंकच्या मधे हिरवट किंवा पांढरं दिसलं तर ते मशीन सोडा.

धागाकर्ता

प्रतिसाद २, इतकं सविस्तर लिहिलंत, कागदावर उतरवून घेतलं. मग तेलात बुडवून ठेवतात ते कसं? आवाजही जातो म्हणतात.

प्रतिसाद २

इमर्शन चांगलं आहे, आवाज जातो, धूळ जाते, बाहेर ३८ डिग्री असलं तरी चालतं कारण द्रव ४५ च्या पुढे असला तरी बोर्ड खूश असतो. पण द्रव उष्णता खात नाही, फक्त वाहून नेतो. म्हणजे टाकी, पंप, हीट एक्स्चेंजर आणि बाहेर रेडिएटर हे सगळं आलंच. मशीनचे फॅन काढावे लागतात, मग फॅन नाहीत म्हणून मशीन सुरूच होत नाही, त्यासाठी वेगळं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा फॅनची नक्कल करणारा छोटा प्लग लागतो. चार जुन्या मशीनांसाठी मी हा खटाटोप करणार नाही.

प्रतिसाद ४

सगळे कसं ठेवायचं ते सांगतायत, मी घ्यायचं का त्यावर बोलतो.

रुपये-डॉलर बाजूला ठेवा, सतोशीत हिशोब करा. २० एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (साधारण चार वर्षांनी मायनिंगचं बक्षीस अर्धं होतं ते) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे अख्ख्या जगाला मिळून रोज ४५० बिटकॉइन. नेटवर्कचा हॅशरेट, म्हणजे जगातल्या सगळ्या मशीनांचा मिळून वेग, २०२५ मध्ये १००० एक्साहॅशच्या पुढे गेला (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश), हिशोबाला तोच गोल आकडा घेऊ. त्यावर एका टेराहॅशला दिवसाला ४५ सतोशी येतात, व्यवहारांची फी थोडी वर. तुमचा ९५ चा एस१९ रोज ४,२७५ सतोशी काढेल आणि ७८ युनिट जाळेल. भागाकार करा, एका युनिटमागे ५५ सतोशी. त्यानंतरच्या मॉडेलांपैकी एस१९ एक्सपीला तोच आकडा ८७ येतो आणि एस२१ ला १०७. एसी लावून एस१९ चालवला तर ४१ वर येतो.

आता तुमच्या विजेचा एका युनिटचा सगळे आकार धरून पडणारा दर आजच्या भावाने सतोशीत काढा. ५५ च्या वर गेला तर मशीन फुकट मिळालं तरी ते बंद ठेवणं स्वस्त. आणि हा ५५ खाली सरकत राहतो हे लक्षात ठेवा, दर २०१६ ब्लॉकनी म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी डिफिकल्टी (ब्लॉक मिळवणं किती अवघड ते) बदलते आणि नवी मशीनं लागली की ती वर जाते. २०२८ च्या हाविंगला तो एका झटक्यात अर्धा होईल. विकणारा चारही काढतोय त्याचं कारण बहुतेक हेच असावं, त्यात फसवणूक असेलच असं नाही, त्याच्या दराला ते परवडत नसेल.

धागाकर्ता

काढला. घरच्या दराने ५५ च्या बऱ्यापैकी वर जातंय. दोनदा तपासलं. होस्टिंगवाल्याच्या दराने मात्र ५५ च्या थोडं खाली येतं, म्हणून परत तिकडे मन जातंय.

प्रतिसाद ५

तिथे जरा थांबा. माझी सहा मशीनं एका होस्टिंगवाल्याकडे होती. तीन महिने नीट चाललं, मग डॅशबोर्डवर सगळी चालू दिसायची आणि पूलमध्ये (अनेक जण मशीनं जोडून मिळकत वाटून घेतात तो गट) चारचाच हॅशरेट यायचा. विचारलं की दुरुस्ती चाललीय. शेवटी मशीनं मागितली तर आधी थकबाकी दाखवली, मग जी सहा परत आली त्यातल्या दोनांचे सीरियल नंबर माझे नव्हते. करारात सीरियल नंबर लिहिलेच नव्हते त्यामुळे मला काही करता आलं नाही. ते पैसे माझ्या वडिलांनी दिलेले होते, म्हणून तुम्ही घरचे पैसे म्हणालात तेव्हा लिहायला बसलो.

मोठ्या नावांचाही भरवसा नसतो, कम्प्यूट नॉर्थने सप्टेंबर २०२२ मध्ये आणि कोअर सायंटिफिकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, कोअर नंतर सावरली, पण तुमची मशीनं दुसऱ्याच्या छताखाली असतात तेव्हा असं झालं तर बाहेर काढायला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात राहत नाही.

तर करारात बघा: सीरियल नंबर मशीनवरचे आणि आतल्या तिन्ही हॅशबोर्डवरचे (हिशोब करणाऱ्या चिप असतात ते बोर्ड), फोटोसकट. पूलचं खातं आणि वॉलेट तुमचं, त्याचं नाही. वीज मोजली जाते की लेबलवरचे वॉट धरून बिल येतं. ग्रिडने लोड कमी करायला सांगितला आणि मशीनं बंद ठेवली तर त्या तासांचे पैसे लागतात का. मशीनं काढून न्यायची तर किती दिवसांची नोटीस आणि किती आकार. विमा कोणाचा. सहा महिने आगाऊ मी देणार नाही. एक महिन्याचं डिपॉझिट ठीक आहे.

प्रतिसाद ४

शिवाय होस्टिंगच्या दराने ५५ च्या थोडं खाली म्हणजे दोन-तीन डिफिकल्टी वाढीत संपलं. त्यात पूलची फी आणि बंद राहण्याचे तास अजून धरलेलेच नाहीत. हात लावून शिकायचंच असेल तर एकच घ्या, वीज कमी ओढणारं फर्मवेअर टाकून हळू चालवा, टेराहॅश कमी होतात पण एका युनिटमागचे सतोशी वाढतात आणि उष्णता, आवाज दोन्ही उतरतात.

जे मशीन घ्याल त्याच्या लॉगमध्ये तिन्ही बोर्डवर चिपची संख्या पूर्ण येते का बघा, साध्या एस१९ ला प्रत्येक बोर्डवर ७६ हव्यात. हॅशरेट मशीनच्या पानावर बघू नका, पूलवर २४ तासांची सरासरी बघा. आणि घेतल्याबरोबर मूळ फर्मवेअर नव्याने टाकून पासवर्ड बदला, जुन्या मशीनमध्ये थोडा हॅशरेट दुसऱ्याच वॉलेटकडे वळवणारं फर्मवेअर सापडतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः प्रतिसाद ५ चे, तुम्हाला ते परत आठवून लिहावं लागलं. विकणाऱ्याला चारला नाही म्हणून कळवलं. होस्टिंगवाल्याला सीरियल नंबर आणि विजेच्या मोजणीबद्दल विचारलं, तो म्हणाला आमचा ठरलेला करार आहे, बदल होत नाही, मग तिथेही नाही. इलेक्ट्रिशियन परवा येतोय. स्वतंत्र सर्किट निघालं तर हे चाचणीवालं एकच ठेवेन, हळू चालवेन, प्लायवूडच्या भिंतीसकट. लॉग बघितला, दोन बोर्डवर ७६ आहेत आणि तिसऱ्यावर ७१ दाखवतोय. हे दुरुस्त होण्यासारखं असतं का, की विकणाऱ्याकडे बोर्ड बदलून मागू?