थोरल्या भावाला बॉक्सिंग सोड म्हणून कसं सांगायचं? (वरचं वजन, वय ३४)

अजिंक्यतारा_बॉय:
मंडळी जरा सल्ला पायजे. आमचा दादा बॉक्सर हाय, सगळ्यात वरच्या गटात खेळतो, जिथं वजनाला वरची मर्यादाच नसते. खेळातूनच सरकारी नोकरी लागली, अजून खात्याकडून खेळतो. उजवा अंगठा आणि मनगट सकाळी आखडलेलं असतं, चहाचा कप डाव्या हातानं धरतो, ते आम्ही चालवून घेतलं. पण आता एकच गोष्ट दोनदा विचारतो, स्पारिंग (जिममधली सरावाची लढत) करून आला की ट्यूबलाईट बंद करा म्हणतो आणि वहिनीवर कधी आवाज न चढवणारा माणूस बारीकसारीक गोष्टीवरनं खेकसायला लागलाय. एमआरआय केला तर नॉर्मल आला, त्यामुळं आता कुणाचं ऐकतच न्हाय. वर म्हणतो जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. ‘एवढी स्टेट (राज्य स्पर्धा) खेळतो आणि थांबतो’, हे मागच्या सीझनला पण म्हणला होता. काय करावं?

जुना_सर्व्हिसेसवाला:
मी फौजेत असताना खेळलोय, मधल्या वजनात. फोरमनचं उदाहरण देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. तो १९७७ ला रिंग सोडून गेला तो १९८७ लाच परत आला, दहा वर्षं डोक्याला मार न्हाय. आणि १९९४ ला तेव्हाचा चॅम्पियन मूररबरोबर पॉइंटवर मागंच होता, दहाव्या राउंडला एक ठोसा बसला म्हणून जिंकला. दादाला म्हणावं तू दहा वर्षं सुट्टी घेतलीस का?

दुसरं, मॅचपेक्षा जास्त मार जिममधे बसतो. मॅच तीन राउंडची, वर्षाला थोड्याच. स्पारिंग मात्र आठवडाभर. त्यात आपल्याकडं सातारा सांगलीत त्या वजनाची पोरं किती? मग मिळेल त्याच्याबरोबर खेळायचं, एखादं शंभर किलोचं नवीन पोरगं असतं, त्याला कंट्रोल नसतो, आंधळेपणानं मारतं. हेडगार्डचं पण लोकांना उगाच वाटतं. मोठ्या पुरुषांच्या मॅचमधनं ते २०१३ लाच काढलं, आणि स्पारिंगला घातलं तरी कातडं फाटायचं वाचतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच.

मिरज_फिजिओ:
एमआरआय नॉर्मल म्हणजे डोकं ठीक असं नसतं हो. त्यात रक्तस्राव, सूज, मोठी इजा दिसते. कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदू हादरणं, बहुतेक वेळा दिसतच नाही. वर्षानुवर्षं मार खाऊन जो सीटीई नावाचा मेंदूचा आजार होतो त्याची पक्की खात्री तर माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होते. उजेड सहन न होणं, विसरणं, चिडणं ही तुम्ही सांगितलेली लक्षणं मला अजिबात आवडलेली नाहीत. स्पारिंग आजपासून बंद, न्यूरोवाल्यांनी (मेंदूच्या डॉक्टरांनी) हो म्हणेपर्यंत. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जास्त धोक्याचा. स्मरणशक्तीची टेस्ट वेगळी असते ती मागून घ्या, आणि डोळ्याचा पडदा तपासा, बॉक्सरांचा पडदा सुटायची भीती असते. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीला न्या. अंगठ्याचं सावकाश बघू.

तासगावकर:
मी कुस्तीवाल्या घरातला, बॉक्सिंगचं फार कळत न्हाय, पण एवढं सांगतो की लंगोट कधी टांगायचा हे पैलवानाला स्वतःला कधीच कळत न्हाय, ते वस्तादानं सांगायचं असतं. १९७५ ला मनिलात मुहम्मद अलीबरोबरच्या मॅचला जो फ्रेझरचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते तरी तो पंधरावा राउंड खेळतो म्हणत होता, त्याचा कोच एडी फचनं खेळू दिलं न्हाय. भावा, तू दादाशी न्हाय, त्याच्या कोचशी बोल. आणि हो, सोडल्यावर खुराक पण कमी करायला लाव. आमच्याकडं मेहनत सुटली पण दूध तूप सुटलं न्हाय असे लई जण आता बीपी शुगरच्या गोळ्या खातायत.

अजिंक्यतारा_बॉय:
कोचशी बोललो होतो, ते म्हणले त्याच्या वजनात दुसरा न्हाय, तेवढी स्टेट होऊ दे. म्हणजे त्यांना पण मेडल पायजे. आणि दादाची खरी भीती वेगळीच असावी असं वाटतं, खेळ सुटला की रोजची ड्युटी लागणार, सकाळी स्टेडियमवर सगळे मान देतात ते पण जाणार. मेडिकल फिट म्हणून कागद दिलाय म्हणतो.

जुना_सर्व्हिसेसवाला:
कागदाचं काय घेऊन बसलास. १९८० ला तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्सबरोबर खेळायच्या आधी अलीची पण मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली होती, लायसन्स मिळालं, वय ३८. दहा राउंड नुसता मार खाल्ला, शेवटी कोपऱ्यातनं त्याचा कोच डंडीनं थांबवलं. तरी पुढच्या वर्षी बर्बिकबरोबर उतरलाच. १९८४ ला पार्किन्सन्स निघाला. तो बॉक्सिंगमुळंच झाला का यावर डॉक्टर भांडत बसतील, पण ती होम्सची मॅच दादाला पूर्ण बघायला लाव, हायलाइट न्हाय.

आणि कोच मेडलकडं बघत असेल तर वहिनीला पुढं कर. मानाचं म्हणशील तर पतियाळाला एनआयएसचा (सरकारी क्रीडा संस्थेचा) कोचिंग कोर्स हाय, तो केला तर रोज सकाळी स्टेडियमवरच असेल, शिट्टी गळ्यात घालून. मी तेच केलं.

अजिंक्यतारा_बॉय:
हे पटलं. डोळे तपासायला वहिनी घेऊन जाणार हाय, न्यूरोचं नाव काढलं तर यायचा न्हाय. मिरजेला गेल्यावर तिथंच दोन्ही उरकतो. पतियाळाच्या छोट्या कोर्सला, सहा आठवड्याच्या, नोकरीवाल्याला खात्याकडनं सुट्टी मिळते का? कुणी केला असेल तर मेसेज करा.