बेने इस्रायली वंशावळ: सुरुवात कुठून?
पणजोबांचं नाव आणि 'रोहेकर' आडनाव एवढ्यावर आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्याचा शोध कसा घ्यायचा, असं विचारलंय तुम्ही. अहो, निम्मं काम आडनावानेच केलंय! पेणकर पेणचे, किहीमकर किहीमचे, तसे तुम्ही रोह्याचे. मीही या नादात नवीनच, पण तहानभूक विसरायला लावतो हा नाद.

मुंबईतलं १७९६ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) वगैरे नंतर. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना गाठा आणि केतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा करारनामा, कुणाच्या ट्रंकेत आहे का बघा. त्यात वर-वधूंच्या वडिलांचीही नावं असतात, म्हणजे एका कागदात दोन घराणी!

मग कब्रस्तान. बऱ्याच दगडांवर हिब्रूसोबत मराठीही सापडते. नुसतं हिब्रू वर्ष असेल तर ३७६० वजा करा: ५६८० म्हणजे १९२०. (तिश्री, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा हिब्रू वर्षाचा पहिला महिना, ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर ३७६१.) आकड्यांऐवजी हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या वर्षात पाच हजार बहुधा गाळलेले असतात, तिथे गोंधळू नका. आणि दगडावर खडू घासू नका हं. तिरप्या उन्हात फोटो काढा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

१९४८ नंतर इस्रायलला गेलेलं कुणी नात्यात असेल तर त्यांनाही फोन लावा. जुने फोटो पुष्कळदा त्यांच्याकडेच निघतात.