यूटीसीत सेव्ह करूनही रिमाइंडर एक तास उशिरा जातोय

प्रश्न:
अपॉइंटमेंटचं वेब अॅप आहे. सगळ्या वेळा डेटाबेसमध्ये यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत ठेवल्यात आणि प्रोफाइलमध्ये युजरचा ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, न्यूयॉर्कवाल्याला उणे ५ तास. फेब्रुवारीपर्यंत काहीच तक्रार नव्हती, पण मार्चचा दुसरा रविवार उलटला आणि दर सोमवारची ९ ची मीटिंग अॅपमध्ये ९ लाच दिसतेय पण रिमाइंडर त्यांच्या घड्याळात १० ला येतोय. दोन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय. शिवाय काहींची जन्मतारीख एक दिवस मागची दिसते.

उत्तर १:
ऑफसेट म्हणजे टाइमझोन नव्हे, घोळ तिथेच आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५ असतं, मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात (उन्हाळी वेळ) म्हणून उन्हाळ्यात उणे ४. प्रोफाइलमध्ये 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं आयएएनए या संस्थेच्या टाइमझोन यादीतलं नाव ठेवा, ब्राउझरमधली इंटल एपीआय ही सोय ते देते. पण युजरला ते बदलताही आलं पाहिजे. आणि नावं स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसती अक्षरं जुळवून कम्पेअर करू नका, कुठे 'एशिया/कलकत्ता' येतं तर कुठे 'एशिया/कोलकाता', झोन एकच.

उत्तर २:
नुसत्या नावाने भागणार नाही. घडून गेलेल्या गोष्टी, लॉग, पेमेंट, यूटीसीत एकदम बरोबर. पण पुढची मीटिंग हे माणसाने घड्याळाला दिलेलं वचन आहे, त्याने 'सोमवारी ९' म्हटलंय, म्हणून '९:००' आणि झोनचं नाव हेच मूळ धरा आणि यूटीसी त्यावरून काढा. नियम सरकारं बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंदच केली, तेव्हा आधी काढून ठेवलेला यूटीसी चुकतो. सर्व्हरवरचा टीझेडडेटा, म्हणजे टाइमझोनच्या नियमांचा संच, अपडेट करून पुढच्या वेळा परत काढाव्या लागतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या टाइमस्टॅम्पटीझेड या वेळेच्या प्रकारावर विसंबू नका, नावात झोन असला तरी तो झोन साठवत नाही.

प्रश्नकर्ता:
आत्ता कळलं! मग घड्याळ पुढे जातं त्या रात्री २:३० ची अपॉइंटमेंट कोणी घेतली तर?

उत्तर २:
ती वेळ नसतेच. १० मार्च २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये १:५९ नंतर थेट ३ वाजले, आणि ३ नोव्हेंबरला घड्याळ मागे आल्याने १:३० दोनदा वाजले. कोडमधली तारीख-वेळेची लायब्ररी गुपचूप काहीतरी एक निवडते, त्यापेक्षा युजरला विचारा.

उत्तर ३:
जन्मतारखेचं सांगतो. जावास्क्रिप्ट नुसती '१९९०-०५-१२' ही यूटीसीची मध्यरात्र धरते, मग यूटीसीच्या मागे असलेल्या अमेरिकेत ११ तारीख दिसणारच. कॉलम नुसत्या डेटचा ठेवा आणि ती तारीख जावास्क्रिप्टच्या 'डेट' ऑब्जेक्टमध्ये घालूच नका, स्ट्रिंग म्हणूनच दाखवा.