लंडनच्या चार दिवसांतला एक दिवस वुडब्रिजला द्यावा का?

खाडीकर

मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं जूनमध्ये येताहेत. लंडनसाठी चार दिवस. त्यातला एक मी वुडब्रिजसाठी राखून ठेवलाय आणि त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुमश्चक्री चालू आहे. "एवढं महागाचं तिकीट काढून चिखल बघायला येऊ का?" हा मावसभावाचा सवाल. घरात मिटेना म्हणून वाद चव्हाट्यावर आणतोय.

गाव कुठलं ते आधी सांगतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफक परगणा, तिथे डेबेन नावाची छोटी नदी. समुद्राला मिळण्याआधी दहा-बारा मैल तिची खाडी होते आणि त्या खाडीच्या वरच्या अंगाला हे बाजारपेठेचं गाव. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाहून इप्सविच सव्वा तास, तिथे गाडी बदलून वीसेक मिनिटं. स्टेशनाबाहेर पडलं की समोर पाणी. नाहीतर चिखल. तुम्ही कितीच्या गाडीने गेलात त्यावर आहे.

माझं म्हणणं असं, की असल्या गावात "काय बघायचं" याची यादी करून जाण्यात अर्थ नाही. भरतीला पोचायचं आणि ओहोटी पुरी होईस्तोवर हलायचं नाही. पाचसहा तासांत त्याच काठावर बसून दोन गावं बघून होतात.

आणि मधल्या वेळात गिरणी. पाण्याला लागून उभी असलेली पांढरी, लाकडी फळ्यांची उंच इमारत. या जागी गिरणी असल्याची पहिली नोंद ११७० ची, आजची इमारत १७९३ ची. चालते भरतीवर. भरतीचं पाणी स्वतःच दार ढकलून तळ्यात शिरतं. भरती फिरली की आतल्या पाण्याच्या दाबाने तेच दार मिटतं. मग बाहेरचं पाणी उतरून चाक मोकळं व्हायची वाट बघायची आणि तळं सोडायचं. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे आज दळण भर दुपारी आणि मध्यरात्री, तर आठवड्याने पहाटे आणि दिवेलागणीला. गिरणीवाल्याची झोप चंद्राच्या हवाली. १९५७ मध्ये चाकाचा ओकचा कणा मोडला आणि धंदा बसला. पुढे लोकांनी ती दुरुस्त केली, आता हौशी स्वयंसेवक चालवतात.

मी गेलो तेव्हा त्यांनी झडप उचलली. थोडा वेळ काहीच नाही. मग चाकाने कुरकुरत कूस बदलली आणि आमच्या पायाखालची फळ्यांची जमीन थरथरायला लागली. पन्हळीतून पडणारं पीठ तळहातावर घेतलं. कोमट! आजीच्या जात्याभोवतीचं असायचं तसं. तेवढ्यासाठी मी दिवस काढीन. तुम्ही काढाल का?

पेठेतला

नाही काढणार. चार दिवसांत लंडनच उरकत नाही. जात्याचं कोमट पीठ बघायला आमच्या गल्लीतली चक्की आहे, तिकिटाशिवाय.

दुसरं, या गावाची मोठी शान म्हणजे नदीपलीकडचं सटन हू. १९३९ मध्ये तिथल्या टेकाडाखाली सातव्या शतकातल्या राजाचं जहाज सापडलं, खजिन्यासकट. पण तो खजिना आहे कुठे? ब्रिटिश म्युझियममध्ये. तो प्रसिद्ध शिरस्त्राण-मुखवटाही तिथेच, आणि तिथे प्रवेश फुकट. सटन हूला तिकीट काढून प्रतिकृती बघायची. म्हणजे खरं लंडनात आणि खोटं बघायला दीड तास गाडीत. हा कुठला हिशेब?

इप्सविचकर

मी वुडब्रिजच्या जवळच राहतो, बारा वर्षं झाली. खाडीकरांच्या गिरणीबद्दल तक्रार नाही, गिरणी झकास आहे. तक्रार "बाजारपेठेचं गाव" या शब्दांबद्दल आहे.

चढ चढून वर चौकात जा. मधोमध शायर हॉल उभा आहे, टॉमस सेकफर्ड या राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या माणसाने १५७५ च्या सुमारास बांधलेला. खाली बाजार, वर कचेरी अशी मूळ सोय. जवळच एका जुन्या पबच्या भिंतीतून रस्त्यावर भलामोठा लाकडी दांडा आलेला दिसेल. तो वजनकाटा. माल भरलेली अख्खी गाडी त्याला लटकवून तोलायचे. आता सांगा, त्या काट्याला आज लटकवायचं काय? सुगंधी मेणबत्त्या? दुकानांत शोभेच्या वस्तू, हाताने विणलेल्या टोप्या आणि कुत्र्यांची बिस्किटं. बाजाराच्या दिवशी चार पालं लागतात, पण गावाचं पोट त्यावर चालत नाही. काठावर होड्या बांधायचे तिथे आता फ्लॅट आहेत. गिरणीचं मूळ तळंसुद्धा १९६० च्या दशकात हौशी होड्यांच्या मरीनात गेलं; आज जे तळं आहे ते नंतर खणलेलं, बरंच लहान. माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा मूळचा वुडब्रिजचा. त्याला स्वतःच्या गावात घर भाड्याने परवडत नाही, रोज बसने आईला भेटून येतो.

दिवस काढायचाच असेल तर खुशाल काढा. मात्र "जुनं इंग्लंड बघितलं" असं परत जाऊन सांगू नका. पेन्शनीत निघालेल्यांचं इंग्लंड बघितलंत.

दोन_मुलांची_आई

@पेठेतला, सटन हूचा तुमचा मुद्दा मला उलटाच वाटला. आम्ही आधी म्युझियम केलं, दोन दिवसांनी सटन हू. म्युझियममध्ये काचेपुढे एवढी गर्दी की धाकट्याला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. टेकाडांजवळ वारा, गवत आणि आम्ही चौघं. तिथल्या बाईंनी मुलांना सांगितलं की जहाज सापडलं असं म्हणतात खरं, पण जहाज नव्हतंच. लाकूड आम्लयुक्त वाळूत कधीच कुजून गेलं होतं. उरले होते लोखंडी खिळ्यांचे गंजके गोळे, ओळीने, आणि फळ्यांचा वाळूत उठलेला ठसा. २७ मीटर लांब ठसा! बेझिल ब्राउन नावाच्या शाळा लवकर सोडलेल्या माणसाने तो खिळ्यामागून खिळा ओळखत मोकळा केला. माझा थोरला नऊ वर्षांचा, तो विचारतो, "म्हणजे त्यांना जहाजाची जागा सापडली?" मला याहून चांगलं नाही सांगता येणार.

आणि जमीनमालकीण ईडिथ प्रेटी. पंचांनी खजिना कायद्याने तिचा ठरवला आणि तिने तो देशाला देऊन टाकला. आपण गुंठ्यावरून भाऊबंदकी करणारी माणसं, जरा ऐकून बरं वाटलं.

जहाज बघायचं असेल तर नदीच्या अलीकडे, वुडब्रिजमध्येच, त्या जहाजाची पूर्ण मापाची प्रत ओक चिरून स्वयंसेवक बांधताहेत. कुऱ्हाडीचे छिलके पडलेले असतात. आमच्या धाकट्याने एक खिशात घातला, अजून टेबलावर आहे.

पेठेतला

खजिना दान केल्याने गाव बघण्यालायक होतं हे नव्याने कळलं. पण ठशाचा मुद्दा मान्य. अर्धा.

अर्जुनाकाठ

मी राजापूरचा. हा धागा वाचून पोटात कालवलं, म्हणून लिहितोय. थोडं कडू लागेल.

खाडीच्या वरच्या टोकाचं बाजारगाव म्हणताय ना? आमचं तसंच होतं. जैतापूरच्या खाडीतून माल वर यायचा. सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती उगाच नाही. त्या वखारवाल्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर येऊन त्यांना कैद करून नेलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या बंदराचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. गाळ. अर्जुना आणि कोदवली या नद्या भरत गेल्या. आता पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी चढलं की बातमी होते, तेवढाच आमचा पर्यटनाचा हंगाम.

तर माझा आक्षेप मावसभावावर नाही, खाडीकरांवर आहे. डेबेनचा चिखल बघायला दीड तास गाडीत बसाल आणि गणपतीला गावी आलात की राजापुरात गाडी थांबते ती वडापाव खायला. खाडीकडे कोण उतरतं? भरती-ओहोटी काय इंग्रजांनी शोधली?

खाडीकर

अर्जुनाकाठ, लागलं. खोटं नाही बोलणार, मी दाभोळकडचा आणि आमच्या खाडीत शेवटचा कधी उतरलो ते आठवावं लागेल. पण म्हणूनच सांगतो. वुडब्रिजच्या काठावर ओहोटी लागली, होड्या एकेक करून कुशीवर कलंडल्या, चिखलातून फुटफुट आवाज यायला लागला आणि तो वास आला. तोच. खाजणाचा. माझ्या तोंडून "सुकती लागली" असं निघालं, वीस वर्षांत हा शब्द उच्चारला नव्हता. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं काय म्हणालात. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, आमच्याकडे "एब" म्हणतात. मग आम्ही दोघं गप्प बसून बघत राहिलो.

तुमचा आक्षेप असा की मी चुकीच्या खाडीवर बसलो होतो. असेल.

इप्सविचकरांना मात्र एक विचारायचंय. पेन्शनरांचं का होईना, पण ते पेन्शनर गिरणीचं चाक फिरवताहेत, जहाज बांधताहेत. ते नसते तर तिथे काय असतं?

इप्सविचकर

त्या मुलाचं घर असतं.

(चिडून नाही लिहिलं. पण प्रश्न विचारलात तर उत्तर हेच आहे.)

रुबायतवेडा

कोणीच फिट्झजेराल्डचं नाव काढलं नाही? फारसी कवी उमर खय्यामला इंग्रजीत आणणारा एडवर्ड फिट्झजेराल्ड याच गावचा हो. जन्म १८०९ चा, जवळच्या ब्रेडफील्डचा. पुढे त्याच चौकात बंदुकांच्या दुकानाच्या वर भाड्याने राहायचा. पैसेवाला, विक्षिप्त, खाडीत होडी घेऊन भटकणारा. फारसी शिकला ती एडवर्ड कॉवेल या मित्राकडून. कॉवेल मूळचा इप्सविचचा, नंतर नोकरीनिमित्त कलकत्त्याला गेला आणि तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातल्या हस्तलिखितावरून रुबायांची नक्कल करवून त्याने मित्राला पाठवली. म्हणजे खय्यामच्या नैशापूरचे शब्द कलकत्त्यामार्गे डेबेनच्या चिखलात. १८५९ ची पहिली आवृत्ती खपेना, शेवटी दुकानदाराने स्वस्तातल्या पेटीत टाकली. आणि आपले माधव जूलियन, जे फारसीचेच प्राध्यापक, त्यांनी मूळ फारसीवरूनही रुबाया मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही. त्यामुळे वुडब्रिज मराठी माणसाला परकं नाही, एवढंच म्हणतो.

त्याची कबर बोल्जच्या चर्चच्या आवारात आहे, गावापासून थोडी आडबाजूला. खय्यामच्या कबरीवरच्या गुलाबाच्या बियांपासून वाढवलेलं रोप १८९३ मध्ये तिथे लावलं. मी गेलो तेव्हा फूल नव्हतं, काटे होते.

पेठेतला

खय्यामच्या अनुवादकाचं भाड्याचं घर आणि फूल नसलेला गुलाब. मावसभावाला हे सांगाच, विमानातूनच परत जाईल.

अर्जुनाकाठ

@रुबायतवेडा, ओढूनताणून नातं जोडायची गरज नाही. आवडलं तर जावं, नाही तर नाही. मात्र इप्सविचकरांचं बरोबर आहे. आमच्याकडे पोरं काम नाही म्हणून मुंबईला गेली, त्यांच्याकडे घर परवडत नाही म्हणून जाताहेत. गाव रिकामं ते रिकामंच. फरक एवढा की त्यांच्या रिकाम्या गावाला रंग दिलेला आहे.

दोन_मुलांची_आई

खाडीकर, नेणारच असाल तर दोन गोष्टी. गिरणीचं चाक रोज आणि वाटेल तेव्हा फिरत नाही, वेळापत्रक भरतीवर असतं. आधी बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. आम्ही पहिल्यांदा ते न बघता गेलो आणि मुलांनी एक तास थांबलेलं चाक पाहिलं. दुसरं, सटन हूसाठी पुढचं मेल्टन स्टेशन जवळ पडतं, पण तिथूनही चालायचं आहे. वहिनींच्या चपला बघून ठरवा.

खाडीकर

मावसभावाला धागा वाचायला पाठवला होता. त्याने पेठेतल्यांचे प्रतिसाद तेवढे ग्रुपवर पुढे ढकलले. वहिनीने मात्र सगळं वाचलंय. तिचा एकच प्रश्न आलाय: त्या गिरणीतलं पीठ विकत मिळतं का, आणि पोळ्या होतात का?

इप्सविचकर

मिळतं. आमच्या घरी येतं. पोळ्यांच्या भानगडीत पडू नका म्हणावं, इकडचा गहू मऊ, लाटताना कडा फाटतात. धिरडी घाला. कांदा, मिरची, थोडं डाळीचं पीठ. एक नंबर.